ब्रँच कोणती?

पुण्यातल्या लग्नात दोन अनोळखी माणसं भेटली की तिसरं वाक्य ‘ब्रँच कोणती?’ हेच असतं. मी मास कॉमवाली, त्यामुळे हसून पाणीपुरीच्या काउंटरकडे सटकते. माझ्या मावसभावाला, म्हणजे आमच्या दादाला, सटकता येत नाही. कारण तो वेब डेव्हलपर आहे आणि त्याला ब्रँचच नाही. साताऱ्याचा बी.कॉम.!

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, तेव्हा आपण सगळे त्या फुकट डेटावर काय करत होतो ते सांगायला नको. दादा दिवसभर पतसंस्थेत पासबुकं भरायचा आणि रात्री मोबाइलवर एचटीएमएल शिकायचा. मग एक सेकंडहँड लॅपटॉप आला. बॅटरी मेलेली, लाइट गेली की लॅपटॉपही गेला. दर दोन मिनिटांनी सेव्ह करायची सवय तेव्हाची. क्लास नाही, सर नाहीत. फ्रीकोडकॅम्पचे फुकटचे धडे, आणि आवडलेल्या साइटवर राइट क्लिक करून ‘व्ह्यू सोर्स’. विचार करा, कुठला हॉटेलवाला डिशबरोबर रेसिपीपण टेबलावर ठेवतो? अर्थात, आत किचनमध्ये काय चालतं ते त्यात दिसत नाही. दादा नेमका तिथेच आपटला.

पहिलं काम घरचंच. काकांच्या मंगल कार्यालयाची बुकिंगची साइट. तारीख गेली की लाल, बटण बंद. एकदम सॉलिड! पण मे महिन्यातल्या एका मुहूर्तासाठी एका घराने सकाळपासून पान उघडून ठेवलेलं. मधल्या वेळात दुसऱ्या घराने तीच तारीख घेतली. पहिल्यांच्या मोबाइलवर ती अजून हिरवीच. त्यांनी बटण दाबलं आणि त्यांनाही ‘अभिनंदन’! पेढ्यांचा बॉक्स घेऊन काका आणि दादा वधूपित्याच्या दारात कसे उभे राहिले, हा सीन मावशी अजून साभिनय करून दाखवते. दुसऱ्या कार्यालयाचं भाडं काकांनी भरलं. त्या रात्री दादाला कळलं, की ब्राउझरच्या भरवशावर राहायचं नसतं. तपासणी सर्व्हरवर करायची आणि ‘एका तारखेला एकच नोंद’ हा नियम थेट डेटाबेसमध्ये घालायचा. एका ओळीचं काम.

२०२१ मध्ये हिंजवडीतल्या एका कंपनीचा नोकरीचा फॉर्म त्याच्यासमोर आला. ‘ब्रँच’ कंपल्सरी. यादीत कॉम्प्युटरपासून टेक्सटाइलपर्यंत सगळं, कॉमर्स नाही. दादाने राइट क्लिक केलं, ‘इन्स्पेक्ट’ उघडलं, त्या रकान्यापुढचा ‘रिक्वायर्ड’ हा शब्द खोडला आणि सबमिट. गेला की फॉर्म!

इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न, ब्रँच रिकामी कशी?

‘सर, तुमचा फॉर्म फक्त ब्राउझरमध्ये तपासला जातो. माझ्याकडून पण ही चूक झाली होती. एका लग्नात.’

दोघं पोट धरून हसले. तासभर कोडिंग करून घेतलं, छान म्हणाले. मग एचआरचा मेल आला, पॉलिसीत बसत नाही. आठवड्याने दादाने सहज तो फॉर्म पुन्हा उघडून पाहिला. दुरुस्त झाला होता.

मी भयंकर चिडले. वेब शोधणाऱ्या टिम बर्नर्स-लीची ऑक्सफर्डची डिग्री फिजिक्सची आहे, त्यालाही असंच हाकललं असतं का, वगैरे भाषण ठोकलं. दादा म्हणाला, ‘अगं, त्याला सर्नमध्ये काम होतं. मला लॅपटॉपचा हप्ता होता.’ वर हेही म्हणाला, की त्या तासात त्यांनी विचारलेल्या दोन गोष्टींची नावंसुद्धा त्याने ऐकली नव्हती. ‘ज्याचं नावच माहीत नाही, ते सर्च कसं करणार?’ पुढचे कित्येक महिने तो हार्वर्डचं सीएस५० लावून बसला. तेही फुकटच.

आता तो कोथरूडमध्ये सहा जणांच्या एका कंपनीत आहे. गेल्या महिन्यात तिथे नवीन माणूस हवा होता आणि अर्जाचा फॉर्म करायचं काम आलं दादाकडे. मी लगेच विचारलं, ब्रँचचा रकाना ठेवलास?

‘साहेबांनी सांगितलं म्हणून ठेवलाय. पण रिकामा सोडला तरी फॉर्म जातो. सर्व्हरवर पण तपासलंय.’