परस नसलेल्यांचीही परसबाग

परसबागेचा प्रचार गावोगाव होत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ज्याच्या घरामागे परसच नाही, त्याच्या हाती दिलेली बियाण्याची पुडी फळीवरच पडून राहते. प्रवराकाठचे कोल्हार हे अहिल्यानगर-मनमाड रस्त्यावरील मोठे गाव. अशा गावात घराला घर लागलेले असते. भाड्याच्या खोलीतील मजूर भाजी विकत घेतो व भाव चढले की त्याच्या ताटातून प्रथम पालेभाजी जाते.

बियाण्याची वाण नाही. याच जिल्ह्यातील कोंभाळणे येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी देशी भाज्यांचे वाण जपले. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. उणीव आहे ती जागेची. मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवरसुद्धा २००२ पासून स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचे खत करून भाजी व फळझाडे वाढविण्यात आली. कोल्हारसारख्या गावी गच्चीचीही गरज नाही. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या आवारातील पडीक कोपरा पुरेल.

जवळच लोणी येथे १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला. सहकाराचे बळ या भागास नवे नाही. मात्र उसाच्या सहकारास जमीन लागते. भाजीच्या सहकारास श्रम एवढेच भांडवल पुरे व्हावे.

याकरिता ग्रामसभेने ठराव करून वाफे चिठ्ठी टाकून वर्षभरासाठी द्यावेत व भूमिहीनांस प्रथम हक्क असावा. महिनाभर पडीक राहिलेला वाफा पुढील कुटुंबास द्यावा. बाग सकाळी लवकर व सायंकाळी उघडी असावी, कारण मजुरास दिवसा सवड नसते. वृद्ध व अपंगांसाठी काही वाफे कमरेइतक्या उंच ओट्यावर करावेत. मेथी, पालक, शेपू दर आठ-दहा दिवसांनी थोडी थोडी पेरावी, कुंपणावर दोडका, कारली चढवावीत. शेवगा उत्तरेच्या कडेस लावल्यास वाफ्यांवर सावली कमी पडते. सार्वजनिक नळाचे सांडपाणी अळू व केळीस द्यावे. साबणाचे पाणी पालेभाज्यांस देऊ नये.

सामाईक बागेत चोरी व भांडणे होतील, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. परंतु ज्याचा वाफा आहे तोच राखण करतो; वाफा नसलेल्यासच कुंपण परके वाटते.

ग्रामसेवकांनी किती पुड्या वाटल्या याबरोबरच, परस नसलेल्या किती घरांत स्वतः पिकविलेली भाजी शिजली, याचीही नोंद ठेवावी. कार्याचे खरे माप तेच होय.