आधी निदान, मग खर्च
लॅपटॉप तापून मंदावला की तो जुना झाला असे मानून हप्त्यांवर नवा घेण्याचा विचार सुरू होतो. हा निष्कर्ष घाईचा आहे. तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की बहुतेक प्रोसेसर स्वसंरक्षणार्थ स्वतःचा वेग कमी करतात. म्हणजे मंदपणा हे अनेकदा वार्धक्याचे नव्हे, तर कोंडलेल्या उष्णतेचे लक्षण असते. गादीवर ठेवल्याने हवेची छिद्रे बुजतात, पंख्याजवळ धूळ साचते, प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप वाळतो. हे दोष अल्प खर्चात दूर होतात. बॅटरी फुगली असेल, तर मात्र वापर व चार्जिंग तत्काळ थांबवून ती तंत्रज्ञाकडून बदलून घ्यावी. तेथे चालढकल आगीला निमंत्रण ठरते. काटकसर आणि सावधगिरी यांची जागा ओळखणे, हाच खरा व्यवहार होय.