अर्जातला एक रकाना

दरवर्षी जून महिन्यात आमच्या शाळेत प्रत्येक विद्यार्थ्याकडून एक अर्ज भरून घेतात. नाव, पत्ता, जन्मतारीख हे रकाने मुले भराभर भरतात. 'वडिलांचा व्यवसाय' हा रकाना आला, की काहींचे पेन थांबते. गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलाने तेथे 'कापडाचा व्यापार' असे लिहिले. त्याचे वडील यंत्रमाग चालवतात, हे मला माहीत होते. तरी मी त्याला रागावलो नाही. कारण बी.एड.च्या वर्गात ओळख करून देताना मीही हेच सांगितले होते. घरी आल्यावर मला राहवले नाही. मी ते अब्बांना सांगून टाकले. ते हसून म्हणाले, "बेटा, कापड मी विणतो. व्यापार तर शेठ करतो." मागाच्या खडखडाटामुळे अब्बांना मोठ्याने बोलण्याची सवय होती. त्या रात्री मात्र ते फारसे बोलले नाहीत.

मित्रांनो, काम माणसाला केवळ पगार देत नाही; ते त्याला ओळख देते. आमच्या मालेगावचेच पाहा. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून अनेक विणकर कुटुंबे येथे आली आणि मोसम नदीच्या काठी स्थायिक झाली. आधी हातमाग होते, पुढे यंत्रमाग आले. आज या गावाचे सारे जीवन मागाच्या तालावर चालते. कारखान्यांना सुट्टी रविवारी नसते, शुक्रवारी असते. रात्रपाळी असल्यामुळे चहाची हॉटेले रात्रीही जागी असतात. वीज गेली, की मजुरांचे घोळके रस्त्यावर येतात. मजुरी विणलेल्या कापडावर मिळते. म्हणून वीज गेली, की घरोघरी चिंता पसरते.

काम नावातही उतरते. मी हजेरी घेतो तेव्हा अत्तार, बागवान, तांबोळी, पिंजारी, शिकलगार अशी आडनावे येतात. अत्तर विकणारे, फळे-भाजी विकणारे, विड्याची पाने विकणारे, कापूस पिंजणारे, हत्यारांना धार लावणारे असे त्यांचे पूर्वज होते. कुलकर्णी गावाचे हिशेब लिहीत, पोतदार नाणी पारखत. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार या संतांनी आपले काम नावाबरोबर मिरवले. फारसी कवी फरीदुद्दीन अत्तार आणि उमर खय्याम यांच्या नावांतही सुगंधी द्रव्यांचा आणि तंबू शिवण्याचा व्यवसाय आहे. कोणालाही त्याची लाज वाटली नाही.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. आजोबांचे काम नातवाच्या पायातली बेडी झाले, तर ती ओळख राहत नाही, कैद होते. आपल्या देशात शतकानुशतके असेच घडले. जन्मावरून काम ठरले, कामावरून मान ठरला आणि सर्वांत कष्टाची कामे करणाऱ्यांना सर्वांत दूर बसवले गेले. जातिव्यवस्थेत फक्त कामे वाटली जात नाहीत, माणसेच वेगवेगळी केली जातात, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली स्पष्टपणे मांडले. पुढे १९५० मध्ये लागू झालेल्या संविधानाने प्रत्येक नागरिकाला आपला व्यवसाय निवडण्याचे स्वातंत्र्य दिले. म्हणून पिंजाऱ्याच्या मुलीने डॉक्टर व्हावे आणि मागवाल्याच्या मुलाने शिक्षक व्हावे. मात्र डॉक्टर झाल्यावर तिने पिंजणाऱ्या हातांना कमी लेखू नये.

माझ्या मते, दोष कामात नाही, आपल्या प्रश्नात आहे. "वडील काय करतात?" असे आपण विचारतो आणि उत्तर ऐकून समोरच्याला खुर्ची द्यायची की उभे ठेवायचे, हे मनात ठरवतो. मग मुले खोटे लिहितील, नाही तर काय करतील? काही कामे तर आपल्याला दिसतच नाहीत. माझी अम्मी पहाटे उठून स्वयंपाक करी आणि दुपारभर मागासाठी कांड्या भरी. अर्जात तिच्या नावापुढे मी दरवर्षी 'काही नाही' असे लिहीत असे. तिच्या कांड्यांशिवाय अब्बांचा माग एक वीतभरही चालला नसता.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही मोठेपणी कोणते काम कराल, हे तुम्ही ठरवा. ज्या कामावर तुमची फी भरली जाते, ते मात्र लपवू नका. पुढच्या जूनमध्ये अर्ज हाती आला, की त्या रकान्यात खरे तेच लिहा, आणि आईच्या नावापुढची जागा रिकामी सोडू नका. अक्षर तेवढे स्वच्छ काढा. ते वाचताना तुमच्या वडिलांना अडखळावे लागू नये.