शब्दाला काम लागते : 'पेशवा' ते 'एफआरपी'

१/
सातारा ही शाहू छत्रपतींची राजधानी असताना, १७१३ साली, बाळाजी विश्वनाथ यांना पेशवेपद मिळाले. त्यांच्या मुद्रेवर पदाचे नाव 'मुख्य प्रधान' असे होते. रयतेच्या तोंडी मात्र 'पेशवा' हा फारसी शब्दच राहिला. परक्या शब्दाला पर्याय घडवणे आणि तो पर्याय रुळणे या दोन वेगळ्या घटना आहेत. सातारा आणि सांगली या भागाचा इतिहास हे अनेक वेळा दाखवून देतो.

२/
मूळ प्रयत्न शिवकालातला. १६७४ च्या राज्याभिषेकासमयी पदांची नावे बदलली गेली : मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे सोपवलेल्या 'राज्यव्यवहारकोशा'त कारभारातील फारसी-अरबी शब्दांना दहा वर्गांत संस्कृत पर्याय देण्यात आले.

३/
या शब्दांचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. 'सुमंत' आणि 'डबीर' दोन्ही आडनावांपुरते उरले. 'मंत्री', 'सचिव' आणि 'पंतप्रधान' यांना मात्र विसाव्या शतकात नवे जीवन लाभले. फारसीला पर्याय म्हणून योजलेले शब्द इंग्रजी राज्यपद्धतीतील पदांसाठी उपयोगी पडले. संस्कृतातून घडवलेला शब्द जगत नाही, हा आक्षेप एवढ्यानेच लंगडा पडतो.

४/
फ्रान्सचा अनुभव याहून फार निराळा नाही. १९५५ मध्ये आयबीएमच्या फ्रान्समधील शाखेला संगणकासाठी फ्रेंच नाव हवे होते. जाक पेरे या प्राध्यापकाने 'ऑर्दिनातर' हा जुना शब्द सुचवला. विश्वाची व्यवस्था लावणारा ईश्वर, असा त्याचा धर्मशास्त्रातील अर्थ होता. यंत्र बाजारात येतानाच त्याच्यावर ते नाव लागले आणि शब्द रुजला. उलट ई-मेलसाठी 'कुरियेल' हा शब्द सरकारने २००३ मध्ये अधिकृत केला, तोवर फ्रेंच माणसाच्या जिभेवर 'मेल' बसला होता. आजही बोलण्यात तोच आहे.

५/
पुन्हा साताऱ्याकडे. १९४३ ते १९४६ या काळात नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली या जिल्ह्यात समांतर शासन चालले. आजच्या सांगली जिल्ह्याचा काही भाग तेव्हा साताऱ्यातच होता. 'प्रतिसरकार' हे त्याचे नाव म्हणजे संस्कृत उपसर्ग आणि फारसी नाम यांचा संकर. लोकांनी त्याचे 'पत्री सरकार' केले आणि तळपायांना पत्री ठोकण्याच्या आख्यायिकांशी ते जोडून टाकले. 'न्यायदान मंडळ', 'तुफान सेना' हे शब्दही तेथे चालले. कारण गावचा तंटा त्या मंडळापुढेच मिटत असे.

६/
१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले. पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण हे याच मातीतले. जन्म देवराष्ट्र्याचा, कर्मभूमी कऱ्हाड. त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले आणि पुढे इंग्रजी पदनामांना मराठी पर्याय देणारा 'पदनाम कोश' तयार झाला. 'बदनाम कोश' म्हणून त्याची यथेच्छ थट्टा झाली.

७/
तिकडे वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा. परिभाषासंग्रहाचा खंड त्याआधीच, १९७३ मध्ये, प्रसिद्ध झाला होता. हा क्रम अर्थपूर्ण आहे. भौतिकी, अर्थशास्त्र किंवा वैद्यक यांवर मराठीत नोंदी लिहायच्या, तर आधी शब्द हवेत. शब्द घडले आणि लगेच लेखनाच्या कामाला लागले.

८/
पदनाम कोशाच्या थट्टेत तथ्य होते. पण दोष शब्दांच्या दुर्बोधतेवर ढकलून टीकाकार मोकळे झाले. 'सचिव' आणि 'संचालक' काही घरगुती शब्द नव्हेत, तरी ते पाटीवर, पत्रावर आणि सहीखाली रोज दिसत राहिले आणि अंगवळणी पडले. जे शब्द कोशातून कचेरीत उतरलेच नाहीत, ते मेले.

९/
सांगलीच्या शिवारात याचे उजळ उदाहरण सापडते. तासगावचा द्राक्षबागायतदार 'ड्रिप' म्हणतो, तितक्याच सहजतेने 'ठिबक'ही म्हणतो. 'ठिबकणे' हे क्रियापद त्याच्या घरातले होते. नळी रानात आली आणि शब्दाला काम मिळाले. साखर कारखान्यातही तेच : 'गाळप' आणि 'उतारा' हे शब्द वापरताना कुणालाही आपण भाषांतर करतो आहोत असे वाटत नाही.

१०/
आता उलट बाजू. २००९ पासून उसाचा किमान दर ज्या नावाने ठरतो, ते नाव 'एफआरपी'. 'रास्त व किफायतशीर दर' हा मराठी पर्याय अर्थवाही आहे, सोपाही आहे. पण मागण्या, मोर्चे आणि बिले यांत तीन इंग्रजी अक्षरेच वावरतात. दर 'उताऱ्या'वर ठरतो, हे ऊसउत्पादकाला कळते. तो दर 'रास्त' असण्याचे वचन नावातच आहे, ही गोष्ट मात्र अक्षरांआड झाकली जाते. 'हा दर रास्त कसा?' असा प्रश्न विचारण्याची सोय मराठी नावात आहे, 'एफआरपी'त नाही.

११/
लोक शब्द घडवत नाहीत असेही नाही. गाव नमुना सात म्हणजे 'अधिकार अभिलेख पत्रक' आणि नमुना बारा म्हणजे 'पिकांची नोंदवही'. लोकांनी दोन्ही नावे बाजूला सारून 'सातबारा' केला. आज शासनही तोच शब्द वापरते, आणि त्यात शासनाचे शहाणपण आहे.

१२/
सातारा-सांगलीचा धडा इतकाच : संस्कृत की देशी, हा वाद दुय्यम आहे. शब्द वेळेवर हवा आणि त्याला काम हवे. योजना इंग्रजीत जाहीर करायची, दोन वर्षांनी तिचे मराठी नाव कोशात नोंदवायचे आणि मग लोक ते वापरत नाहीत म्हणून हळहळायचे, हा क्रम उलटा आहे. मराठी नाव पहिल्याच अधिसूचनेत, पहिल्याच पावतीवर आणि पहिल्याच बिलावर छापले जावे. ते टिकवायचे, मोडून 'पत्री' करायचे की टाकून 'सातबारा' घडवायचा, हे लोक ठरवतील. तो अधिकार त्यांचाच आहे. पण तो बजावण्याची संधी त्यांना वेळेत मिळाली पाहिजे.