घरातलं शास्त्र : बॅटरीवरचे आकडे वाचायला शिका

वरणगावहून एका भगिनीनं विचारलं आहे : "आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी तीन वर्षांची झाली. पूर्वी चार तास चालायची, आता पाऊण तासात मान टाकते. सासूबाईंना दमा आहे, वाफाऱ्याचं यंत्र लावावं लागतं. दुकानदार म्हणतात, मोठी बॅटरी घ्या. घ्यावी का?"

दीपनगरचं वीज केंद्र हाकेच्या अंतरावर आणि घरात अंधार, म्हणजे दिव्याखाली अंधारच की! २००५च्या सुमारास भारनियमन वाढलं, तेव्हापासून आपल्या खानदेशातही इन्व्हर्टर घरोघर आले. पण बारा-पंधरा हजारांची ही वस्तू घेताना सगळं बोलणं घरातल्या पुरुषमंडळींशी होतं आणि तिच्यात पाणी घालायचं काम मात्र आपल्याकडे येतं. तेव्हा तिच्यावरचे आकडे आपल्यालाच कळलेले बरे.

व्होल्ट आणि अँपिअर-तास

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. टाकी जितकी उंच तितका नळाला जोर. तो जोर म्हणजे व्होल्ट. टाकीत मावणारं पाणी म्हणजे अँपिअर-तास. घरातली बॅटरी बहुधा १२ व्होल्टची असते. तिच्या पोटात साधारण दोन-दोन व्होल्टचे सहा कप्पे असतात. '१५० एएच' म्हणजे दीडशे अँपिअर-तास. पण तिथेच बारीक अक्षरात 'सी २०' लिहिलेलं असतं, ते जरूर वाचा. त्याचा अर्थ, साडेसात अँपिअर इतक्या बेतानं वीज घेतली तर ती २० तास पुरेल. घाईनं उपसलीत तर पूर्ण दीडशे कधीच हाती लागत नाहीत.

हिशेब करून पाहा

१५० गुणिले १२ म्हणजे १८०० वॅट-तास. इन्व्हर्टरमध्ये सुमारे पाचवा हिस्सा वाया जातो. उरले १४४०. दोन साधे पंखे १५० वॅट, चार एलईडी दिवे ३६ आणि टीव्ही ६०, मिळून अडीचशेच्या आत. भागाकार पावणेसहा तास सांगतो, पण उपसा जलद असल्यानं नवी बॅटरीसुद्धा चार-साडेचार तासच चालेल. टीव्ही आणि एक पंखा बंद केलात, तर वेळ दुपटीहून अधिक वाढते! सासूबाईंच्या यंत्रावर किती वॅट लिहिलेत ते पाहून हिशेबात धरा आणि ते चालू असेल तेवढा वेळ बाकीचं बंद ठेवा. वीज गेल्यावर मिक्सर-इस्त्री तर नकोच नको.

उन्हाळा हा खरा वैरी

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. उष्णतेनं बॅटरी त्या वेळी जोमानं चालल्यासारखी वाटते, पण आतून झिजते. सुमारे २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना आयुष्य जवळजवळ निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. म्हणून ती पत्र्याच्या शेडमध्ये किंवा जिन्यातल्या उन्हात नको. सावलीत, खेळत्या हवेत ठेवा. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. तो पेट घेतो, म्हणून देवघराचा दिवा, उदबत्ती, गॅस तिच्यापासून लांबच हवा.

निगा

• महिन्यातून एकदा पाण्याची पातळी बघा, उन्हाळ्यात दोनदा.
• फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं, बोअरचं किंवा आरओचं पाणी चालत नाही. घरी अॅसिड कधीच घालू नका.
• खुणेच्या वर पाणी भरू नका. उतू गेलं की साडीला भोकं पडलीच म्हणून समजा.
• बॅटरी पार रिकामी होईपर्यंत ओढू नका. रिकामी तशीच पडू दिलीत तर लवकर जाते.
• अॅसिड डोळ्यांत किंवा अंगावर उडालं तर निदान पंधरा मिनिटं भरपूर पाण्यानं धुवा आणि डॉक्टरांकडे जा.

आता मूळ प्रश्न. लगेच मोठी घेऊ नका. आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून वायरमनला काचेच्या पिचकारीनं सहाही कप्पे मोजायला सांगा. ट्युब्युलर बॅटरीत आकडा १.२४च्या आसपास हवा. एकच कप्पा फार खाली असेल तर तो गेला; मग बदलणं आलंच, पण तेवढ्याच क्षमतेची पुरेल. सगळेच थोडे थोडे कमी असतील तर चार्जिंग नीट होतं का ते तपासून घ्या. वॉरंटीचं कार्डही काढून बघा, कदाचित मुदत शिल्लक असेल. मोठी घेणारच असाल, तर आपला इन्व्हर्टर ती पूर्ण भरू शकतो का, हे आधी विचारा.

जुनी बॅटरी मात्र अंगणात किंवा भंगारात टाकू नका. आतलं शिसं मुलाबाळांना विषासमान. २०२२च्या नियमांप्रमाणे ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदाराला परत द्या आणि तिची किंमत बिलातून वजा करून घ्यायला विसरू नका!