उद्यानशुल्क आणि चवदार तळ्याचा वारसा



कॅलिफोर्नियात आपली अनेक कुटुंबे नव्या वसाहतींत घरे घेत आहेत. ही अभिमानाची बाब आहे. परंतु नव्या घरी परित्राणपाठ आटोपला, भोजनाची पंगत बसली की एक तक्रार हमखास कानी पडते. बिल्डरने नगरपालिकेला भरलेले उद्यानशुल्क शेवटी आपल्याच घराच्या किमतीत चढते. आपल्या घामाच्या पैशातून परक्यांच्या मुलांना बाग कशासाठी? बाबासाहेबांच्या अनुयायांनी हा प्रश्न विचारावा, याचा मला खेद होतो.

प्रथम कायदा समजून घेऊ. १९६५ च्या क्विंबी कायद्यान्वये या राज्यातील शहरे व काउंट्या, जमिनीचे भूखंड पाडून वसाहत उभारणाऱ्याकडून उद्यानासाठी जमीन अथवा तिच्या बदल्यात शुल्क मागू शकतात. प्रमाण दर हजार रहिवाशांमागे ३ एकर. जेथे उद्याने आधीच त्याहून अधिक आहेत तेथे ५ एकरांपर्यंत. बांधकाम व्यावसायिकांनी वॉलनट क्रीक शहराविरुद्ध दाद मागितली, तेव्हा १९७१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. नवी वस्ती नवी गर्दी आणते, म्हणून तिने मोकळ्या जागेची तजवीज करावी, एवढेच त्यामागील तत्त्व आहे.

तक्रारीत काहीच तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. १९७८ च्या तेराव्या प्रस्तावाने मालमत्ता कर जखडून टाकला. जुने घरमालक अल्प करात सुटतात आणि नव्या खरेदीदारावर भार पडतो. परंतु त्यावर उपाय जुन्या मालकांकडून न्याय्य वाटा मागणे हा आहे. मुलांची बाग हिरावणे हा नव्हे.

माझा खरा आक्षेप शुल्कावर नसून त्यातील सवलतीवर आहे. सामाईक मालकीच्या वसाहतीत खेळण्याजोगी खाजगी मोकळी जागा असेल, तर तिच्या मूल्यापोटी उद्यानशुल्कात सूट मिळू शकते. म्हणजे फाटकाआडची हिरवळ सार्वजनिक देण्यातून वजा होते! आपल्यापैकी किती जण अशाच फाटकाआड राहतात, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

महाड आठवा. सार्वजनिक निधीतून बांधलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना सत्याग्रह करूनच ते पाणी प्यावे लागले. पुढे विरोधकांनी न्यायालयात काय मांडले? तळे स्पृश्यांच्या खाजगी मालमत्तेच्या स्वरूपाचे आहे! १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. विहिरी, तलाव, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांबाबतचा भेदभाव भारतीय संविधानाने पंधराव्या अनुच्छेदात निषिद्ध केला. येथील फाटकावर कोणी जात विचारीत नाही, हे खरे. तेथे किल्ली विचारतात. ज्यांच्या पूर्वजांना 'हे खाजगी आहे' असे सांगून पाण्यावरून हाकलले, त्यांनी तेच शब्द दुसऱ्याच्या लेकरांना ऐकवावेत काय?

मी वैद्यकीय व्यवसायात आहे. मधुमेही रुग्णाला रोज चालण्याचा सल्ला मी लिहून देतो. त्याच्या मोहल्ल्यात चालण्याजोगी जागाच नसेल, तर तो सल्ला कागदावरच राहतो. गरीब वस्त्यांत नवी बांधकामे होत नाहीत. म्हणून तेथे शुल्कही येत नाही आणि उद्यानही येत नाही. यावर २०१३ च्या दुरुस्तीने एक वाट काढली आहे. संपन्न भागात उद्याने पुरेशी असतील, तर जाहीर सुनावणी घेऊन, ठराविक अटींवर, तेथील शुल्क उद्यानांचा तुटवडा असलेल्या वस्तीसाठी वापरता येते.

अशा सुनावणीची नोटीस निघाली की आपण सभागृहात हजर राहिले पाहिजे आणि निःसंकोच सांगितले पाहिजे: आमच्या घरांचे शुल्क त्या वस्तीला द्या, फाटकाआडच्या बागेची सूट आम्हांला नको. १४ एप्रिलला पुष्पहार अर्पण करणे सोपे आहे. नगरपालिकेच्या सभागृहात शेजाऱ्यांचा रोष पत्करून हे बोलणे कठीण आहे. त्या कठीण कामासाठीच आपली संघटना आहे.

जयभीम!