टोचणारी टोपी

थंडी पडली की माझ्या सुया पेटीतून बाहेर येतात, हे घरच्यांना ठाऊक आहेच. सांगलीत खरं म्हणजे लोकरीचं काही घालायचे दिवस बोटांवर मोजण्याइतके. पण नात साताऱ्याला असते, वय वर्षं पाच, शाळा सकाळची. साताऱ्याचा डिसेंबर मला माहीत आहे, माहेरच आहे माझं. अजिंक्यताऱ्यावरून उतरणारा तो गार वारा थेट कानात शिरतो. तेव्हा यंदा तिच्यासाठी कानटोपी, आणि तीही पिळाच्या नक्षीची, वेणीसारखी.

हे मुलाला फोनवर सांगितलं, तर पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाला, "आई, एक सांगू? माझी ती टोपी हरवली नव्हती. मी आयर्विन पुलावरून नदीत टाकली होती."

गोष्ट १९८९ सालची. चिरंजीव दुसरीत. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील आटपाडीकडचे मेंढपाळ, त्यांनी मला घरच्या मेंढ्यांच्या लोकरीचं टकळीवर काढलेलं सूत दिलं होतं. काळंभोर, मेंढीचा वास असलेलं. मला कोण आनंद! बाजारची लोकर कशाला, आपल्या मातीतली आहे की! मोठ्या हौसेनं त्यात पीळ घालून टोपी विणली, हनुवटीखाली बांधायला बंद लावले. आठ दिवसांत ती "हरवली". मी दोन दिवस अबोला धरला. वर, मी शिकवत होते त्याच शाळेत तो होता, तर चौथीच्या वर्गात निष्काळजीपणाचं उदाहरण म्हणून त्याचं नाव घेतलं. मुलं मधल्या सुट्टीत त्याला "टोपीवाला" म्हणत, हे मला परवा कळलं. छत्तीस वर्षांनी.

"पण का टाकलीस?" विचारलं. "टोचायची गं. कपाळावर लाल पट्टा उठायचा. तुला सांगितलं तर तू म्हणायचीस, सवय होईल."

म्हणत असणार मी. आठवत नाही, पण शब्द माझेच आहेत.

आता हे सगळं इथे लिहिण्याचं कारण वेगळं. हल्ली आमच्या ग्रुपवर एक संदेश फिरतोय. माणदेशात मेंढपाळ लोकर कातरतात आणि घेणारा नाही म्हणून टाकून देतात, तर सर्व आज्यांनी त्या लोकरीच्या टोप्या विणून नातवंडांना घालाव्यात. पहिला भाग खरा आहे. आमच्या जत, आटपाडी, माण, खटाव या भागात वर्षातून दोनदा मेंढ्या कातरतात आणि पुष्कळांना कातरणावळही सुटत नाही. दुःख मलाही आहे. पण उपाय साफ चुकीचा आहे, असं माझं मत.

दख्खनी मेंढीची लोकर भरड, केसाळ. तिचा धागा मेरिनोच्या साधारण दुप्पट जाड असतो. तीस मायक्रॉनच्या वरचा तंतू कातडीला टोचतो. वाकत नाही, टोकानं रुततो. ही काही त्या मेंढीची चूक नव्हे. ती दुष्काळात मैलोन्‌मैल चालून जगते, तिची लोकर त्याच कामाची. सनगर मंडळींनी तिचं काय करायचं ते पूर्वीच ओळखलं होतं. चिंचोक्याची खळ लावून जे घोंगडं विणतात, ते पावसात अंगावर घ्यावं, खाली अंथरावं. आमच्या लहानपणी दक्षिण सातारा हे नाव जाऊन सांगली जिल्हा झाला (१९६०), तेव्हा घराघरात घोंगडं होतं. ते आपण सोडलं, म्हणून लोकर पडून राहिली. मोठ्यांनी घोंगडी घ्यावीत, जाजमं घ्यावीत. आपण गमावलेलं गिऱ्हाईक पाच वर्षांच्या पोरीच्या कपाळावरून भरून काढायचं, हा कुठला न्याय?

दुसरीकडे दुकानात "लोकर" म्हणून मिळतं ते बहुतेक अ‍ॅक्रिलिक. मऊ असतं, धुवायला सोपं, स्वस्त. पण ओल पीत नाही. पोरं धावतात, घामेजतात, आणि घाम तसाच गार होतो. खरी लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पिऊनही ओली लागत नाही. म्हणून या वेळी पैसे जास्त पडले तरी मेरिनोची गुंडी मागवली. लांबून आलेली, परदेशी मेंढीची. १९८९ सालच्या मला हे मुळीच पटलं नसतं.

विणणाऱ्यांसाठी थोडं. पीळ घातला की वीण आक्रसते, हे विसरून पुष्कळ जणी टोपी तोकडी करतात. मी मुलाला आधी सुतळीनं डोकं मोजायला लावलं, पन्नास सेंटिमीटर भरलं. दहा नंबरच्या सुयांवर ९६ टाके घालून दोन सुलट, दोन उलट अशी कड. मग आठ नंबरच्या सुया घेऊन दर आठ टाक्यांमागे एक वाढवला, झाले १०८. त्याचे बारा-बाराचे नऊ भाग: मधले सहा सुलट पिळाचे, दोन्ही बाजूंना तीन-तीन उलट, म्हणजे पीळ उठून दिसतो. दर आठव्या ओळीला तीन टाके छोट्या सुईवर पुढे धरायचे, पुढचे तीन विणायचे, मग धरलेले. बंद नाहीत, गोंडा नाही. अंगठ्याच्या सांध्यामुळे मला दिवसाला दहा-बारा ओळींच्या वर जमत नाही, पण उसवायची वेळ एकदाच आली.

आणि हो, रंग तिला विचारला. पिवळा. मी करडा धरून बसले होते, पिळाला करडा फार शोभतो. पण शोभतो कुणाला? बघणाऱ्याला. पिळाची हौस ही विणणारीची हौस आहे, हे एकदा कबूल केलेलं बरं. टोपीनं कान झाकले आणि पोरीनं ती स्वतःहून घातली, एवढं झालं तरी पुष्कळ. नाही घातली, तर मी शब्द काढणार नाही. तसं सूनबाईंना आधीच सांगून ठेवलंय.

परवा पार्सल पोचलं. रात्री मुलाचा फोन. टोपी तिनं आल्या आल्या बाहुलीच्या डोक्यावर घातली म्हणे, बाहुली गळ्यापर्यंत बुडाली. "आणि टोचत नाही गं," तो म्हणाला, "मी आधी माझ्या कपाळाला लावून बघितली."